‘येतो’ म्हणाला

सणाचं मोठं जेवण दादाकडे, हे आमच्यात वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. मी साडेसहाला केकचा खोका घेऊन जायची, वहिनी "कशाला आणलंस?" म्हणायची, मी "असू दे गं" म्हणायची. मग दोन तास ऐसपैस बसून वाढलेलं खायचं, ताटं उचलू लागायचं नाटक करायचं आणि घरी यायचं. पाहुणी म्हणून मी उत्तम आहे. यजमान म्हणून यंदा पहिलीच वेळ, वय वर्षं सत्तेचाळीस. माझ्या घरात दोन खोल्या, दोन खुर्च्या आणि स्वयंपाकघर असं, की ओव्हनचं दार उघडलं तर फ्रीजचं उघडत नाही. चार माणसांना जेवायला बोलवावं असं हे घर नाही, आणि खरं सांगायचं तर मीही तशी बाई नाही. पण यंदा बोलावणं भाग होतं, कारण बाबा माझ्याकडे होते.

बाबा कोर्टात लघुलेखक होते. चाळीस वर्षं लोक जे बोलले ते त्यांनी शब्दाला शब्द उतरवून घेतलं. साक्षीदार "बहुतेक" म्हणाला तर "बहुतेक"च लिहायचं, त्याचं "हो" करायचं नाही. नोकरी संपली, सवय संपली नाही. लहानपणी मी "मी रोज अभ्यास करते" म्हटलं, की बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "सोमवारी आणि बुधवारी." अशा माणसाच्या हाताखाली वाढलं की बोलण्याची भीतीच बसते. मी बोलणं कमी केलं. दादाने उलटा रस्ता धरला. तो सगळं रंगवून सांगायला लागला.

गेल्या वर्षी सणाच्या जेवणात तेच नडलं. टेबलाभोवती दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं, वहिनीचे आईवडील, बाबा आणि मी. पोरांनी आजीची, म्हणजे आमच्या आईची, आठवण काढली आणि दादा म्हणाला, "आजी गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता." हे तो दहा वर्षं सांगत आला होता. पोरांना पाठ होतं. त्या दिवशी बाबांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "तू नव्हतास. ती सकाळी सव्वाअकराला गेली. तू दुपारी अडीचला आलास."

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. त्या सकाळी कुठल्याशा इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये माणसं अडकली होती आणि तो त्यांना बाहेर काढत होता. हे सांगितलं असतं तरी कोणी नावं ठेवली नसती. पण त्याने हात धरल्याचं सांगितलं, आणि सांगता सांगता त्याचं त्यालाच ते खरं वाटायला लागलं असावं. धाकटा नातू दादाकडे बघत म्हणाला, "मग बाबा खोटं बोलतात?" दादा उठला. "तुमचं खरं घेऊन बसा तुम्ही," एवढंच म्हणाला आणि आतल्या खोलीत गेला. दुसऱ्या दिवशी बाबा दादाचं घर सोडून एक बॅग घेऊन माझ्या दारात उभे होते. त्यानंतर वर्षभर दोघांत एक शब्द नाही. दादाचं घर माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

आता माझ्या कामाचं सांगते, कारण चूक तिथेच झाली. मी कानाच्या मशीनच्या दुकानात लोकांचे कान तपासते. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन लावायचा, हातात बटण द्यायचं. मी बाहेरून बारीक बारीक शिट्ट्या सोडते, ऐकू आली की त्याने बटण दाबायचं. दर चार माणसांमागे एक तरी असा असतो, की मी काहीच वाजवलेलं नसतं आणि तो बटण दाबतो. लबाडी नसते त्यात. ऐकू यावं असं इतकं वाटत असतं, की त्याला खरंच ऐकू येतं. मी खोलीचं दार उघडून सांगते, "काका, वाट बघू नका. नुसतं ऐका." पंधरा वर्षं सांगतेय.

सणाच्या आठ दिवस आधी दादा दुकानात आला. बाबांच्या हृदयाच्या तपासण्यांची जुनी फाईल त्याच्याकडे राहिली होती, ती द्यायला. घरी आला नाही, दुकानात आला. म्हणजे बाबांचं तोंड बघायला नको. कामाचे कपडे, कोपरापर्यंत ग्रीस. फाईल काउंटरवर ठेवली. मी बोलून टाकलं, "दादा, यंदा सणाचं माझ्याकडे करतेय. सात वाजता. वहिनीला सांग, पोरांना घेऊन ये. बाबांना फार वाटतं रे."

तो काचेच्या खोलीकडे बघत राहिला. मग दाराशी जाऊन म्हणाला, "बरं, येतो." आणि गेला.

मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. संध्याकाळी घरी शिरल्या शिरल्या ओरडले, "बाबा, दादा येणार सणाला!"

बाबांनी कानातलं मशीन नीट बसवलं. "काय म्हणाला? शब्द सांग."

"‘येतो’ म्हणाला."

"स्वतःहून?"

"मी बोलावलं, मग म्हणाला."

बाबा उठले आणि कपाटातला पांढरा शर्ट काढून इस्त्रीला बाजूला ठेवला. सणाला अजून आठ दिवस होते.

दुसऱ्या दिवसापासून बाबांचा बाथरूममधला मुक्काम वाढला. अंघोळीला जाताना मशीन काढून ठेवतात, त्यामुळे आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नाही. मी बाहेर भांडी घासत होते आणि आतून बाबा एखादा निकाल वाचून दाखवावा तसं बोलत होते, "त्या दिवशी तू तिथे होतास. आईचा हात तुझ्याच हातात होता. मी चुकीचं सांगितलं. चुकलो." मग थोडं पाणी ओतल्याचा आवाज. मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा "चुकलो" राहिलं तर त्यांनी "नाही, नाही" म्हणून सगळं परत घेतलं.

माझ्या हातातली पातेली तशीच राहिली. ज्या माणसाने आयुष्यात कोणाच्या तोंडचा "बहुतेक" बदलला नाही, तो स्वतःच्या हाताने नोंद खोडायला निघाला होता. आणि सांगायला लाज वाटते, पण मला रागही आला. कारण आईचा हात माझ्या हातात होता. सव्वाअकराला त्या खोलीत बाबा आणि मी, दोघंच होतो. बाबांना ते माझ्याहून चांगलं आठवत होतं. दादाला परत मिळवायला त्यांनी माझी जागा देऊन टाकली, आणि मला विचारलंही नाही. मी पातेली पालथी घातली आणि स्वतःला समजावलं, की दे बाई, तुझं काय जातंय. पण जात होतं.

सणाच्या दिवशी सकाळपासून माझ्या नाकी नऊ आले. वरच्या मजल्यावर एक नर्स राहते, तिला सगळे सिस्टर म्हणतात. तिने चार खुर्च्या दिल्या, मोठा ट्रे दिला आणि न मागता भरपूर सल्ले दिले. "कोंबडी आधी पुसून कोरडी कर. आणि सारखं दार उघडून बघू नकोस, पेशंट आहे का तो?" मी पाच वेळा बघितलं. बटाटे एका बाजूने करपले, ती बाजू खाली केली. पुडिंग घट्ट धरेना. जेवणाच्या टेबलाला इस्त्रीचं टेबल जोडलं आणि वर एकच लांब चादर घातली. दोन्हींची उंची वेगळी, त्यामुळे मधोमध एक पायरी. सिस्टर संध्याकाळच्या ड्युटीला जाताना दारातून बघून म्हणाली, "त्या पायरीवर ग्लास ठेवू नकोस. बाकी झकास." मला रडावं की हसावं कळेना. सहा ताटं, सहा ग्लास. बाबांनी ताटांच्या कडा एका रेषेत आणल्या, मग दादाची खुर्ची स्वतःच्या उजव्या हाताला सरकवली. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं.

साडेचारला मीठ संपलं. खाली दुकानात गेले, पुडा घेतला, आणि निघताना सवयीने म्हटलं, "येते हां."

"या," दुकानदार म्हणाला.

दोन पायऱ्या उतरले आणि माझे पाय तिथेच थबकले.

मी "येते" म्हणाले होते. आज परत त्या दुकानात जाणार नव्हते, उद्याही नाही. दुकानदारही काही माझी वाट बघत बसणार नव्हता. निघताना "जाते" कोण म्हणतं? आपण सगळेच "येतो" म्हणतो. दातांच्या डॉक्टरांकडूनसुद्धा "येतो" म्हणून निघतो आणि पुन्हा त्या दाराची पायरी चढायला लागू नये म्हणून मनात हात जोडतो.

दादाचा हात तेव्हा दुकानाच्या दाराच्या मुठीवर होता. तोंड रस्त्याकडे होतं. आणि तो नुसतं "येतो" नव्हता म्हणाला, "बरं, येतो" म्हणाला होता. ते "बरं" मी घरी पोचेपर्यंत कुठे सांडलं, मलाच ठाऊक नाही. बाबांनी शब्द विचारला आणि मी अर्धाच सांगितला.

मिठाचा पुडा छातीशी धरून मी रस्त्यात उभी होते. फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. मेसेज करावा म्हटलं तर लिहायचं काय? "तू येतो म्हणालास ते येतो म्हणूनच ना?" शहाण्या माणसाने विचारावा असा हा प्रश्नच नाही. शेवटी "सातला वाट बघतोय" एवढं लिहून पाठवलं. ते पोचलं, पण वाचलं गेलं नाही. वहिनीचा नंबर दोनदा काढला आणि दोनदा बंद केला. तिच्या आईवडिलांसमोर तिच्या नवऱ्याला खोटं पाडलेलं, तिला मी कोणत्या तोंडाने विचारू? आणि एक खरं कारण आणखी होतं. विचारलं तर उत्तर मिळालं असतं. न विचारता निदान सात वाजेपर्यंत तरी ते "येतो" जिवंत राहणार होतं.

वर आले तर बाबा शर्ट घालून दाराकडे तोंड करून बसले होते. "मशीनला नवे सेल घालून दे," म्हणाले. मी घालून दिले. सेल दोनदा माझ्या हातातून खाली पडला. सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. बाबा म्हणाले, "कोंबडीचा वास मस्त सुटलाय." मी तोंड मिटलं.

सात वाजले. आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबली की घंटी होते. ती बाबांना ऐकू येत नाही, मला येते. प्रत्येक वेळी मी दाराकडे बघायची आणि माझ्याकडे बघून बाबा दाराकडे बघायचे. सव्वासातला समोरचे आले, कुत्र्याला घेऊन. साडेसातला कोणीतरी चुकीच्या मजल्यावर उतरून परत वर गेलं. मी ओव्हन बंद केला, परत लावला, परत बंद केला. कोंबडीचं कातडं आकसून पाय उघडे पडले. पुडिंग तेवढ्यात धरलं, मेलं. "आत्ताच धरायचं होतं का तुला?" मी त्याच्यावर खेकसले.

"ट्रॅफिक असेल," मी म्हटलं.

"दहा मिनिटं चालत," बाबा म्हणाले.

आठला दहा कमी असताना त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. आवाज एकदम कोरडा, कचेरीतला. "तो ‘येतो’ म्हणाला तेव्हा बसला होता की उभा?"

"उभा."

"कुठे?"

"दारात."

"आत येताना की जाताना?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी बोलले नाही. त्यांच्यापुढे मला ते कधी जमलंच नाही. "जाताना."

"तोंड कुठे होतं?"

"रस्त्याकडे."

"आधी काही म्हणाला?"

"‘बरं’ म्हणाला. ‘बरं, येतो’ म्हणाला."

बाबांनी समोरच्या रिकाम्या ताटाची कड पुन्हा रेषेत आणली. मला वाटलं चिडतील. चिडले असते तर मी ओरडून घेतलं असतं, दोघांचंही मोकळं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "म्हणजे तो निघत होता."

"चुकलं बाबा माझं."

"फोन लाव त्याला."

"बाबा, नको ना आज..."

"लाव."

या वेळी दादाने उचलला. मागे भांड्यांचा, हसण्याचा आवाज. "हं, बोल गं. फोन चार्जिंगला होता."

"दादा, आम्ही थांबलोय."

"कशाला?"

त्याने ते अगदी साधेपणाने विचारलं. टोमणा नव्हता, काही नव्हतं. म्हणून जास्त लागलं.

"जेवायला. मी बोलावलं होतं ना दुकानात. तू ‘येतो’ म्हणालास."

तो मग आवाज खाली करून म्हणाला, "अगं, ते निघताना म्हणतात तसं म्हणालो मी. मला वाटलं तुला कळलं."

"मग आत्ता ये. सगळे या. खूप आहे जेवायला. दादा, ऐक ना, बाबांना काही सांगायचंय तुला."

"आम्ही बसलोय गं जेवायला. हिचे आईबाबा आलेत."

बाबांनी हात पुढे केला. मला फोन द्यायचा नव्हता. पण ते हात मागे घेईनात, आणि एक्याऐंशी वर्षांच्या माणसाचा हात किती वेळ हवेत ठेवू देणार? मी दिला.

फोन कानाशी नेताच मशीनने कर्कश शिटी मारली. बाबांनी तोंड वाकडं केलं, मशीन उपसून टेबलावर ठेवलं आणि फोन उघड्या कानाला लावला. आता त्यांना काहीही ऐकू येणार नव्हतं. त्यांना ते माहीत होतं. ते उभे राहिले. एक हात खुर्चीच्या पाठीवर, मान सरळ.

"त्या दिवशी तू तिथे होतास," बाबा मोठ्याने म्हणाले. अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं असेल. "आईचा हात तुझ्याच हातात होता. मी चुकीचं सांगितलं. पोरांना सांग, आजोबांनी चुकीचं सांगितलं. चुकलो."

पोरांचं वाक्य बाथरूममध्ये नव्हतं. ते त्यांनी आत्ता घातलं होतं. माझा राग कुठच्या कुठे गेला. घे दादा तो हात, घे आणि ये, एवढंच मनात उरलं.

बाबांनी फोन माझ्याकडे दिला. "काय म्हणतोय ते बघ."

मी कानाला लावला. दादा होता. त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याने सगळं ऐकलं होतं, पहिल्यापासून. मी "दादा" म्हटलं. पलीकडे चमचा ताटावर ठेवल्याचा आवाज झाला. मग लांबून वहिनीचा आवाज आला, "कोणाचा फोन आहे हो?"

"कोणाचा नाही," दादा म्हणाला, आणि फोन बंद झाला.

त्याचा आवाज दाटला होता की तोंडात घास होता, मला कळलं नाही. जन्म गेला कानांचं काम करण्यात, आणि मला कळलं नाही.

बाबा माझ्याकडे बघत होते. मशीन टेबलावरच होतं. ते घालायला त्यांनी हात पुढे केला नाही.

"ऐकलं त्याने," मी म्हणाले.

"काय?"

"ऐकलं त्याने, बाबा!" मी ओरडले. "सगळं ऐकलं! शेवटपर्यंत!"

बाबांनी मान हलवली. हळूच खाली बसले. त्यांचा चेहरा उजळला होता, आणि ते मला बघवेना.

"मग?" ते म्हणाले. "मग काय म्हणाला?"

 बाबा माझ्या ओठांकडे बघत होते, ते कधी हलतात याची वाट बघत.